मोजमाप आणि माणूस : व्हिडिओच्या शोधापासून खेळाडूला बदलणाऱ्या खेळांपर्यंत



ही व्याख्यानमाला एका ग्रंथपालांच्या स्मरणार्थ चालते. वाचक येतो, त्याला लेखकाचे नाव आठवत नसते, पुस्तकाचे नाव तो चुकीचे सांगतो, आणि तरीही जाणता ग्रंथपाल नेमके पुस्तक काढून देतो. कारण आपल्या संग्रहात काय आहे हे त्याला ठाऊक असते आणि समोरच्या माणसाला काय हवे आहे हे त्याला उमगते. मल्टिमीडिया संशोधन गेली तीस-पस्तीस वर्षे यंत्राला या दोन्ही गोष्टी शिकवू पाहते आहे. पहिलीत त्याला पुष्कळ यश आले. दुसरी फार अवघड निघाली.

आज मी या क्षेत्राच्या दोन टोकांबद्दल बोलणार आहे. एका टोकाला हजारो तासांच्या चित्रणातून हवा तो प्रसंग शोधून काढण्याची विद्या आहे. दुसऱ्या टोकाला खेळणाऱ्याच्या सवयी, त्याचे लक्ष, आजारपणातले त्याचे वागणे बदलावे म्हणून मुद्दाम रचलेले व्हिडिओ गेम आहेत. वरवर पाहता यांचा एकमेकांशी संबंध नाही. मला मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो : यंत्राने जे मोजले आणि माणसाच्या लेखी त्याचा जो अर्थ, यांत अंतर किती? शोधाच्या संशोधकांनी हे अंतर चारचौघांत मोजण्याची शिस्त स्वतःला लावून घेतली. माणूस बदलण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक खेळाला हीच शिस्त लागू झाली पाहिजे, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

यंत्राला काय दिसते

आपल्याकडच्या दूरदर्शन पद्धतीत एका सेकंदात २५ चित्रे जातात. म्हणजे एका तासाच्या चित्रणात ९०,००० चित्रे झाली. आज एकट्या यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांहून अधिक व्हिडिओ चढवले जातात. पुस्तकात निदान शब्द असतात, त्यांची सूची करता येते. चित्राच्या प्रत्येक बिंदूपाशी मात्र यंत्राच्या हाती लाल, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे, एवढेच लागते.

सुरुवातीच्या संशोधकांनी या आकड्यांवरच भिस्त ठेवली. आयबीएमने १९९० च्या दशकात 'क्यूबिक' ही प्रणाली तयार केली. रंग, पोत आणि आकार यांवरून ती सारखी दिसणारी चित्रे शोधून देई. रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयाने आपल्या संकेतस्थळावर ती वापरलीही. पण केशरी सूर्यास्त हवा असलेल्या माणसापुढे अशी प्रणाली केशरी रंगाचे काहीही आणून ठेवू शकते. रंग जुळलेला असतो, अर्थ जुळलेला नसतो.

या अडचणीची सर्वांत स्पष्ट मांडणी २००० साली एका दीर्घ शोधनिबंधात झाली. ॲमस्टरडॅम विद्यापीठाचे आर्नल्ड स्म्युल्डर्स हे त्याचे पहिले लेखक. सहलेखकांत रमेश जैन होते, ज्यांनी १९६९ मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेत या क्षेत्राची पायाभरणी करणाऱ्यांमध्ये स्थान मिळवले. चित्रातून जे काढता येते आणि पाहणाऱ्याला त्याच्या त्या वेळच्या गरजेनुसार त्यात जे दिसते, या दोहोंमधल्या तफावतीला या निबंधात 'सिमँटिक गॅप' म्हटले आहे. मी तिला अर्थाची दरी म्हणेन. तेच चित्र एकाला क्रिकेटचा सामना वाटते, दुसऱ्याला त्यात आपला भाऊ दिसतो आणि तिसऱ्याला पाडलेले जुने स्टेडियम. आकडे तिघांसाठी तेच असतात.

चारचौघांत परीक्षा

ही दरी कमी करण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला म्हणजे चित्राच्या जोडीला आवाज आणि मजकूर यांची मदत घेणे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'इन्फॉर्मीडिया' प्रकल्पाने बातम्यांतले बोलणे यंत्राकडून लिहून घेतले, पडद्यावरची अक्षरे वाचून घेतली आणि हे सगळे चित्राच्या विश्लेषणाशी जोडले. मल्टिमीडिया हे नाव सार्थ झाले ते इथे. एकट्या डोळ्याला जे उमगत नव्हते, ते कानाच्या साथीने उमगू लागले.

दुसरा मार्ग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो वागण्याच्या रीतीचा आहे. तोवर प्रत्येक प्रयोगशाळा आपलाच संग्रह घेई, आपलेच प्रश्न विचारी आणि आपणच उत्तम असल्याचे जाहीर करी. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, व्हिडिओ शोधासाठी एक सामाईक परीक्षा सुरू केली. ती पुढे 'ट्रेकव्हिड' म्हणून प्रसिद्ध झाली. निस्टचे पॉल ओव्हर आणि डब्लिन सिटी विद्यापीठाचे ॲलन स्मीटन यांनी ती वाढवली. पहिल्या वर्षी संग्रह होता जेमतेम ११ तासांचा. पण नियम पक्के होते. सर्वांना तेच चित्रण, तेच प्रश्न आणि तीच मुदत. सर्वांची उत्तरे एकत्र करून माणसे ती पाहत आणि कोणते बरोबर, कोणते चूक हे ठरवत.

गुण कसे द्यायचे, यामागचा विचार आपण नीट समजून घेऊ, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे. समजा संग्रहात पुलाची शंभर दृश्ये आहेत. एका यंत्राने दहाच दृश्ये आणली आणि दहाही बरोबर निघाली. त्याची अचूकता, म्हणजे प्रिसिजन, पूर्ण; पण नव्वद दृश्ये त्याच्या हातून सुटली. दुसऱ्याने अख्खा संग्रहच पुढे आणून ओतला. त्याच्याकडून एकही दृश्य सुटले नाही, म्हणजे त्याचे रिकॉल पूर्ण. पण त्या उत्तराचा उपयोग शून्य. म्हणून एकट्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. काय सापडले आणि काय निसटले, हे दोन्ही एकत्र पाहायचे. ही शिस्त या क्षेत्राची सर्वांत मोठी देणगी आहे.

अशा वातावरणात चांगल्या कल्पना तावून सुलाखून निघाल्या. २००३ मध्ये ऑक्सफर्डचे जोसेफ सिविक आणि अँड्र्यू झिसरमन यांनी चित्राचे छोटे तुकडे करून सारखे दिसणाऱ्या तुकड्यांचे गट पाडले. प्रत्येक गट म्हणजे जणू एक शब्द. मग पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची केली : हा शब्द कोणकोणत्या चित्रांत येतो. अख्ख्या चित्रपटातून एखादी वस्तू पुन्हा कुठे दिसते, हे त्यामुळे क्षणात काढता येऊ लागले. ग्रंथालयाची शेकडो वर्षांची युक्ती चित्रपटाच्याही कामी आली.

खेळाडूंनी यंत्राला शिकवले

तरीही दृश्यातल्या वस्तूला नाव द्यायला माणूस लागतच होता. लाखो चित्रांवर नावे कोण चिकटवणार? कार्नेगी मेलनमधल्या लुईस फॉन आन आणि लॉरा डॅबिश यांनी याचे उत्तर एका खेळात शोधले. 'ईएसपी गेम' असे त्याचे नाव. एकमेकांना न ओळखणारे दोन खेळाडू इंटरनेटवर जोडले जात. दोघांना तेच चित्र दिसे. एकमेकांशी बोलायची सोय नाही. दोघांनी आपापल्या परीने शब्द टाइप करायचे. दोघांचा शब्द जुळला की गुण मिळायचे आणि पुढचे चित्र यायचे. अडीच मिनिटांत पंधरा चित्रे. आधी जुळलेले शब्द त्या चित्रासाठी निषिद्ध होत, म्हणून पुढच्या जोडीला अधिक खोल पाहावे लागे.

२००३ मधल्या अवघ्या चार महिन्यांत १३,६३० जणांनी हा खेळ खेळून २,९३,७६० चित्रांना १२,७१,४५१ नावे दिली. पुढे गूगलने हीच कल्पना घेऊन २००६ ते २०११ या काळात स्वतःचा असा खेळ चालवला. याच काळात पैसे देऊन इंटरनेटवरच्या माणसांकडून नावे लिहून घेतलेला 'इमेजनेट' हा एक कोटीहून अधिक चित्रांचा संग्रह आला. २०१२ मध्ये त्यावर शिकलेल्या, चेतापेशींच्या धर्तीवरच्या संगणकीय जाळ्याने चित्रातल्या वस्तू ओळखण्यात बाकी सगळ्या पद्धतींना मागे टाकले. २०२१ मध्ये 'क्लिप' हे मॉडेल इंटरनेटवरच्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकले, आणि साध्या वाक्यात सांगून दृश्य शोधणे शक्य झाले.

दरी बुजली का? ज्यांनी नावे दिली, त्यांच्या जगापुरती बरीच बुजली. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी इमेजनेटमधल्या स्थळ ओळखता येण्याजोग्या चित्रांची मोजणी केली, तेव्हा सुमारे ४५ टक्के चित्रे अमेरिकेतली निघाली. भारतातली २ टक्क्यांच्या आसपास. २०१९ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी जगभरच्या घरांतल्या नित्याच्या वस्तूंवर मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. ब्रिटनमधला बाटलीतला साबण ओळखू आला, नेपाळमधल्या घरातली साबणाची वडी खाद्यपदार्थ ठरली. गरीब घरांतल्या वस्तू या प्रणालींना श्रीमंत घरांतल्या वस्तूंपेक्षा कमी ओळखता आल्या. हेही कळले ते उघड परीक्षेमुळेच.

शोधणारा खेळाडू झाला

याच वर्षांत एक मोठा पालट झाला, आणि त्याची चर्चा आपण पुरेशी केली नाही. ग्रंथालयात वाचक मागतो आणि ग्रंथपाल देतो. व्हिडिओच्या जगात मागणेच हळूहळू संपत गेले. २०१२ मध्ये यूट्यूबने व्हिडिओ किती वेळा उघडला याऐवजी तो किती वेळ पाहिला गेला, याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. २०१८ मध्ये कंपनीच्याच अधिकाऱ्याने सांगितले, की यूट्यूबवरच्या पाहण्याच्या वेळेपैकी ७० टक्के वेळ शिफारशींमुळे आलेला असतो. शोधाची सगळी विद्या तीच राहिली, उद्दिष्ट बदलले. पूर्वी माणसाने प्रश्न विचारायचा आणि उत्तर किती योग्य हे माणसानेच ठरवायचे. आता माणूस किती वेळ थांबला, हेच उत्तर किती योग्य याचे माप झाले.

अर्थाची दरी इथे पुन्हा उघडते. रात्री दोन वाजता एखादा मुलगा स्क्रीनवरून अंगठा वर सरकवत बसला आहे. यंत्राच्या नोंदीत तो समाधानी प्रेक्षक आहे. त्याच्या आईला आणि सकाळी त्याला स्वतःलाही वेगळेच दिसते. पुढच्या सरकवण्याला काय मिळेल हे ठाऊक नसण्यातली ओढ, ही खेळाची जुनी युक्ती आहे. व्हिडिओचा शोध अशा रीतीने खेळ होऊन बसला, पण खेळणाऱ्याला आपण खेळतो आहोत हे सांगितले गेले नाही.

बदलाचा दावा आणि त्याचा पुरावा

याउलट काही खेळ उघडपणे म्हणतात, की आम्ही तुम्हाला बदलू. त्यांतले उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या 'होपलॅब' संस्थेने २००६ मध्ये काढलेला 'री-मिशन'. कर्करोग झालेल्या किशोरांसाठी आणि तरुणांसाठी तो होता. रॉक्सी नावाची सूक्ष्म यंत्रमानवी नायिका रुग्णाच्या शरीरात शिरून कर्करोगाच्या पेशींशी लढते. हे करण्याचे कारण गंभीर होते : या वयातली मुले घरी घ्यायची औषधे चुकवतात, आणि त्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते.

अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ३४ उपचारकेंद्रांत १३ ते २९ वयाच्या ३७५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. निकाल २००८ मध्ये बालरोगशास्त्राच्या प्रतिष्ठित नियतकालिकात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला बाजारातला एक साधा साहसी गेम दिला, दुसऱ्याला त्याच्या जोडीला री-मिशन. औषधाच्या डबीच्या झाकणात नोंदयंत्र होते, डबी केव्हा उघडली ते त्यात टिपले जाई. काही रुग्णांच्या रक्तातले औषधाचे प्रमाणही तपासले. री-मिशन खेळणाऱ्यांनी औषधे अधिक नियमितपणे घेतली, असे या मापांतून दिसले. पण रुग्णांना विचारले, की तुम्ही औषधे नियमित घेता का, तेव्हा दोन्ही गटांच्या उत्तरांत फरक नव्हता. मानसिक ताण किंवा जगण्याचा दर्जा यांतही फरक दिसला नाही. संशोधकांनी हे सारे छापले. बदल कुठे झाला आणि कुठे नाही, हे आपल्याला त्यामुळेच कळते.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवतो. २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'एंडेव्हरआरएक्स' हा गेम ८ ते १२ वयाच्या, लक्ष टिकत नसलेल्या काही मुलांसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीने देण्यास मान्यता दिली. असा मान मिळालेला तो पहिला गेम. मुख्य चाचणीत ३४८ मुले होती. तुलनेच्या गटाला शब्दांचा एक डिजिटल खेळ दिला होता. संगणकावरच्या लक्षाच्या कसोटीत गेम खेळलेली मुले पुढे निघाली. पण घरातले वागणे कसे आहे हे आईवडिलांना विचारले, तर दोन्ही गटांतली मुले सारखीच सुधारल्याचे त्यांनी सांगितले. री-मिशनमध्ये विचारून फरक कळला नाही, मापाने कळला. इथे मापात फरक आला, घरात तो दिसला नाही. यांतले कोणते खरे, असा प्रश्न मी विचारणार नाही. दोन्ही एकत्र पाहायला हवेत, कारण प्रिसिजन आणि रिकॉल यांनी आपल्याला तेच शिकवले आहे.

जिथे पुरावा नसताना दावा झाला, तिथे काय होते हेही पाहू. 'लुमॉसिटी' हा मेंदूच्या व्यायामाचा गेम चालवणाऱ्या कंपनीवर, खेळल्याने कामात व शिक्षणात फायदा होतो आणि वयाबरोबर येणारा विसराळूपणा लांबतो असे दिशाभूल करणारे दावे केल्याचा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ठेवला. २०१६ च्या जानेवारीत २० लाख डॉलर भरून कंपनीने ते प्रकरण मिटवले. उलट वॉशिंग्टन विद्यापीठाच्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांच्या 'स्नोवर्ल्ड'चा दावा लहान आहे. भाजलेल्या रुग्णाची जखम धुताना आणि पट्ट्या बदलताना त्याच्या डोळ्यांवर आभासी जगाचे उपकरण लावतात. तो बर्फाळ दरीतून जात बर्फाचे गोळे फेकत राहतो आणि तेवढ्या वेळेपुरती वेदना कमी जाणवते. तेवढ्या वेळेपुरती, एवढेच त्यांचे म्हणणे. म्हणून ते तपासताही आले.

शोधाच्या शिस्तीने खेळांच्या दाव्यावर प्रकाश टाकल्याचे सर्वांत बोलके उदाहरण खोट्या बातम्यांच्या खेळाचे आहे. केंब्रिज विद्यापीठाचे सँडर व्हॅन डर लिंडन आणि यॉन रोझेनबेक यांनी एका डच गटाबरोबर २०१८ मध्ये 'बॅड न्यूज' काढला. यात खेळाडू स्वतःच अफवा पसरवणारा होतो आणि भावना भडकवणे, फूट पाडणे, कटाच्या कहाण्या रचणे अशा युक्त्या वापरून पाहतो. लसीसारखी थोडी मात्रा आधी दिली, की पुढे खऱ्या अफवेला माणूस बळी पडणार नाही, ही त्यामागची धारणा. सुमारे १५,००० खेळाडूंच्या नोंदींवरून २०१९ मध्ये निष्कर्ष आला, की खेळानंतर लोक खोट्या बातम्यांना कमी विश्वासार्ह मानतात. २०२३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी या आणि अशा खेळांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांना दिसले, की लोक खरे-खोटे ओळखण्यात सुधारत नव्हते. ते सगळ्याच बातम्यांकडे अधिक संशयाने पाहत होते, खऱ्या बातम्यांकडेसुद्धा. हा वाद अजून मिटलेला नाही. पण प्रश्न कोणता विचारायचा, हे त्याने शिकवले. किती खोटे पकडले, एवढे पुरेसे नाही. पकडताना किती खरे नाकारले, हेही सांगायला हवे. सगळेच नाकारणारा समाज फसणार नाही कदाचित, पण त्याला काही कळणारही नाही.

पटावर लिहिलेले उद्दिष्ट

खेळाने माणूस घडवावा ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. आपल्या परंपरेत मोक्षपटाचे कर्तृत्व ज्ञानदेवांना दिले जाते. अशा पटांच्या घरांवर सद्गुण आणि दुर्गुण लिहिलेले असत; सद्गुणापासून शिडी वर जाई, दुर्गुणापाशी साप खाली आणी, आणि सर्वांत वर मुक्तीचे स्थान. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडमध्ये गेला, तिथल्या सद्गुणांची नावे त्यावर आली आणि पुढे नावेच पुसली जाऊन साप आणि शिड्या तेवढ्या उरल्या. मोक्षपट खेळून कोणी सदाचारी झाले का, हे कोणी मोजले नाही. पण त्याचा एक गुण आजच्या खेळांनी घ्यावा असा आहे : हा खेळ तुम्हाला कुठे नेऊ पाहतो, हे सगळे पटावरच लिहिलेले होते. समोर बसलेल्या प्रत्येकाला ते वाचता येत होते.

आज बहुतेक वेळा हे उद्दिष्ट खेळाडूपासून झाकलेले असते. खेळांचे धोके मात्र आता अधिकृतपणे मान्य होऊ लागले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायद्याने घातक खेळ अडवता येतात. चांगला म्हणून शाळेत, दवाखान्यात आणि घरात आणला जाणारा खेळ खरोखर चांगला आहे का, हे कायदा सांगत नाही. ते काम संशोधनाचे आहे.

या सभागृहात शिक्षक आहेत, पालक आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे : मराठी बोली, आपली घरे, शेते, बाजार आणि सण यांचे चित्रण आणि ध्वनी यांना आपल्याच माणसांनी नावे द्यावीत, आणि त्यांवर कोणीही आपली प्रणाली तपासू शकेल अशी सामाईक परीक्षा इथल्या महाविद्यालयांनी मिळून उभारावी. तिला फार पैसा लागत नाही. ट्रेकव्हिडची सुरुवात ११ तासांच्या चित्रणावर झाली होती. साबणाच्या वडीला अन्न म्हणणारी प्रणाली सुधारायची, तर ती चुकली हे दाखवणारा संग्रह आपल्याकडे हवा.

शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. मुलाचे गणित सुधारेल, लक्ष वाढेल, वाचन वाढेल असे सांगत कोणी खेळ घेऊन आला, तर त्याला विचारा : सुधारणा कशाने मोजली? ज्या मुलांनी हा खेळ खेळला नाही, त्यांचे त्याच काळात काय झाले? खेळ मुलाबद्दल कोणती माहिती ठेवतो आणि त्याला कुठे नेऊ पाहतो, हे मुलाला समजेल अशा मराठीत खेळातच लिहिले आहे का? या प्रश्नांसाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याच्याकडे उत्तरे आहेत तो ती आनंदाने देईल, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला तुमच्या मुलांवर प्रयोग करण्याचा अधिकार नाही. यंत्राला आपण पाहायला शिकवले, ऐकायला शिकवले, आणि आता माणसाला वळण लावायलाही शिकवतो आहोत. जो माणसाला वळण लावतो त्याने आपला हिशेब चारचौघांत मांडलाच पाहिजे, आणि तो मागण्याचा हक्क आपण प्रत्येकाने बजावला पाहिजे.